रियाजाच्या खोलीपर्यंत पोहोचणारे शास्त्र

(शाळेच्या हीरकमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा संपादित पाठ)



महाराष्ट्राच्या सीमेपासून दूर, माळव्याच्या भूमीत मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे चालवणे हेच मुळात एक व्रत आहे. त्या व्रताच्या हीरकमहोत्सवात मला बोलायला बोलावले, याबद्दल संयोजकांची मी ऋणी आहे. गायक-वादकांच्या गळ्याच्या आणि हातांच्या तक्रारी ऐकणे व त्यांवर उपचार सुचवणे हा माझा व्यवसाय. त्यामुळे आजचा विषयही तोच निवडला आहे : कलावंताच्या शरीराविषयी जे संशोधन जगभर होते, ते समाजमाध्यमांतून त्याच्यापर्यंत कसे पोहोचते, कसे पोहोचायला हवे आणि वाटेत त्याचे काय होते.

हा विषय शाळेच्या व्यासपीठावर कशासाठी, असे कोणाला वाटेल. आपल्या घरांतील किती मुले गाणे, तबला, संवादिनी, व्हायोलिन शिकतात हे आठवून पाहा. त्यांच्या हातात गुरूने दिलेली वही असते आणि दुसऱ्या हातात मोबाइल. गुरू आठवड्यातून दोनदा भेटतो. मोबाइल दिवसभर बोलत असतो. तो काय बोलतो, याकडे लक्ष देणे हे आता पालकांचे आणि शिक्षकांचे काम झाले आहे.

कलावंतांचे आजार ही काही आजची गोष्ट नव्हे. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी 1700 साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. व्यवसायजन्य रोगांच्या अभ्यासाचा तो पाया मानला जातो, आणि गाणाऱ्यांच्या व वाद्य फुंकणाऱ्यांच्या तक्रारींचीही दखल त्यांनी घेतली होती. पुढे 1926 मध्ये बर्लिनमधील डॉक्टर कुर्ट सिंगर यांनी वादकांच्या व्यावसायिक आजारांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. तरीही हे ज्ञान कलावंतांपर्यंत फारसे गेले नाही. याचे एक कारण म्हणजे कलावंतांचे मौन. दुखते असे सांगितले, तर पुढचा कार्यक्रम दुसऱ्याला जाईल. आणि गुरूच्या कानावर गेले, तर आपल्या रियाजातच काही खोट आहे असे ठरेल. ही भीती जर्मनीत होती, अमेरिकेत होती, आपल्याकडेही आहे.

हे मौन कसे फुटले, ते सांगण्यासारखे आहे. लिऑन फ्लायशर हे अमेरिकेतील अग्रगण्य पियानोवादक. 1964 च्या सुमारास, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटे आपोआप तळव्याकडे वळू लागली. ते वर्षानुवर्षे केवळ डाव्या हातासाठी रचलेले संगीत वाजवत राहिले, शिकवत राहिले, वाद्यवृंदाचे संचालन करत राहिले. गॅरी ग्राफमन या दुसऱ्या नामवंत वादकाच्या उजव्या हातालाही 1979 च्या सुमारास अशीच बाधा झाली. 1981 साली या दोघांविषयी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात उघडपणे लिहिले गेले, आणि तोवर गप्प बसलेले कितीतरी वादक डॉक्टरांकडे येऊ लागले. 1983 मध्ये अमेरिकेत ॲस्पेन येथे वादकांच्या आजारांवर परिसंवाद भरला, 1986 मध्ये या विषयाला वाहिलेले नियतकालिक सुरू झाले, 1989 मध्ये डॉक्टर व कलावंत यांची संघटना उभी राहिली. फ्लायशर यांना उपचारांनी पुष्कळ आराम पडला आणि 2004 मध्ये त्यांची दोन्ही हातांनी वाजवलेली ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. एका वृत्तपत्रीय लेखाने एका वैद्यकीय शाखेला गती दिली. माहिती सार्वजनिक होण्यात केवढे बळ असते, याचा हा दाखला आहे.

त्याच दशकात अमेरिकेतील वाद्यवृंदांच्या वादकांची मोठी पाहणी झाली. 2,212 वादकांनी उत्तरे दिली. त्यांपैकी 82 टक्के वादकांनी काही ना काही शारीरिक तक्रार सांगितली. 76 टक्के वादकांची निदान एक तक्रार अशी होती, की जिचा वादनावर गंभीर परिणाम झाला होता. शंभरांतील पंचाहत्तर माणसे एकच दुखणे एकेकटी सोसत असतील, तर तो त्यांच्या रियाजातील दोष कसा म्हणावा?

हे सारे छापले गेले, पण कुठे? संशोधनाच्या नियतकालिकांत, इंग्रजीत, बहुधा मोठी वर्गणी भरल्याशिवाय न दिसणाऱ्या पानांवर. पहाटे खर्ज लावणारी मुलगी ती पाने वाचणार नाही, आणि तिचे गुरुजीही नाहीत. म्हणूनच या विषयातील काही डॉक्टर, वाचातज्ज्ञ, व्यायामोपचारतज्ज्ञ आणि स्वतः अभ्यास केलेले कलावंत गेली काही वर्षे यूट्यूब, इन्स्टाग्राम, फेसबुक यांच्याकडे वळले आहेत. मला त्यात काही वावगे वाटत नाही. उलट, आपल्या परंपरेशी ते सुसंगतच आहे.

थोडे मागे जाऊन पाहा. विद्या दाराआड शिकवायची, ती घराबाहेर जाऊ द्यायची नाही, अशी एके काळी रीत होती. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि ते दार सामान्यांना उघडले. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी गावोगाव फिरून, उस्तादांच्या विनवण्या करून बंदिशी जमवल्या आणि क्रमिक पुस्तकांतून त्या छापल्या. 1916 ची बडोद्याची अखिल भारतीय संगीत परिषद त्यांच्याच पुढाकाराने भरली. लाहोर, बडोदे, ग्वाल्हेर, लखनौ : मराठी माणसांनी हे कार्य महाराष्ट्राबाहेर केले, याचा आपल्यासारख्यांना विशेष अभिमान वाटावा. प्रा. बी. आर. देवधरांनी तर आवाज घडवण्याच्या शास्त्राचा पाश्चात्त्य अभ्यास समजून घेऊन तो मराठी वाचकांपुढे मांडला. तेव्हा छापखाना हे नवे माध्यम होते. आज मोबाइल आहे. प्रश्न माध्यमाचा नाही. भातखंड्यांनी एकेक चीज तपासून, पाठभेद नोंदवून छापली. ती तपासणी आजच्या माध्यमात आहे का, हा खरा प्रश्न आहे.

आधी एक चांगले उदाहरण देते. पेय पिण्याची साधी नळी ओठांत धरून तिच्यातून स्वर काढायचा, तो हळूहळू वर-खाली न्यायचा. अमेरिकेतील आवाजशास्त्रज्ञ इंगो टिट्झे यांनी 2006 मध्ये या प्रकारच्या व्यायामांमागील कारणे विस्ताराने मांडली, आणि पुढे त्यांनीच दाखवलेले प्रात्यक्षिक यूट्यूबवरून जगभर पसरले. त्यामागचे शास्त्र सांगण्यासारखे आहे. आपल्या गळ्यातील दोन स्वरतंतू स्वर काढताना एकमेकांवर आपटतात. चारशे चाळीस कंपनांचा स्वर लावला, तर सेकंदाला 440 वेळा. तोंडाची वाट नळीने अरुंद केली, की हवेचा दाब मागे, म्हणजे स्वरतंतूंच्या वरच्या बाजूला, वाढतो. त्या दाबाच्या आधाराने तंतू कमी आघातात, कमी श्रमात कंप पावतात. फिनलंडमध्ये काचेची नळी पाण्यात बुडवून असाच व्यायाम कित्येक दशके देत आले आहेत. आपल्या ओंकारातील मिटल्या ओठांचा मकार याच जातीचा आहे. तो का सुखावतो, हे आता आपल्याला सांगता येते. जी गोष्ट संशोधकाच्या प्रयोगशाळेत राहिली असती, ती एका छोट्या चलचित्राने लाखो गळ्यांपर्यंत नेली. आणि ती नेताना तिच्यातले शास्त्र सांडले नाही, कारण सांगणारा स्वतः संशोधक होता.

आता उलट बाजू. 1993 साली दोन संशोधने प्रसिद्ध झाली. दोन्ही संगीताशी निगडित, दोन्ही कमालीची गाजली, आणि दोन्हींचा प्रवासात पार कायापालट झाला.

पहिले कॅलिफोर्नियातील. 36 महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोझार्टची एक रचना ऐकवली. त्यानंतर आकृती मनात फिरवून पाहण्याच्या एका कसोटीत त्यांची कामगिरी थोडी सुधारली. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटेच टिकला. तेथून ही गोष्ट निघाली, आणि ‘मोझार्ट ऐकवल्याने बाळ हुशार होते’ या रूपात घरोघर पोहोचली. 1998 मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बालकाला अशी ध्वनिमुद्रिका देण्यासाठी एक लाख पाच हजार डॉलर मागितले. मूळ प्रयोगात एकही बाळ नव्हते.

दुसरे बर्लिनमधील. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगीत अकादमीतील व्हायोलिनवादकांचा अभ्यास केला. सर्वोत्तम गटाने विसाव्या वर्षापर्यंत सरासरी सुमारे 10,000 तास एकट्याने रियाज केला होता. 2008 मध्ये एका लोकप्रिय पुस्तकाने त्याचा ‘दहा हजार तासांचा नियम’ केला. एरिक्सन यांनी पुढे स्पष्टपणे सांगितले, की ती सरासरी होती, त्या गटातील अनेकांनी तेवढे तास भरलेलेही नव्हते, आणि तासांपेक्षा रियाजाची प्रत महत्त्वाची होती. त्याच शोधनिबंधात आणखी एक गोष्ट होती, ती मात्र कोणी पुढे पाठवली नाही : उत्तम वादक रियाजाचे भाग पाडत, मध्ये विसावा घेत, आणि इतरांपेक्षा अधिक झोपत. आज एखादा पालक मुलाला म्हणतो, ‘दहा हजार तास भरायचेत, ऊठ!’ तेव्हा ज्या संशोधनाच्या नावाने तो त्याची झोप मोडतो, त्या संशोधनाने झोपेची बाजू घेतली होती.

अशी विपर्यस्त कथा केवळ परदेशी संशोधनाचीच होते असे नाही. देवास येथून दूर नाही. पंडित कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन 1948 मध्ये तेथे आले. पुढे ते गायले ते जवळजवळ एका फुप्फुसावर, ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे आणि ती सांगताना आपला ऊर भरून येतो. आता हीच गोष्ट ‘आजारपणातही गाणे थांबवू नका’ अशा उपदेशासह फिरताना दिसते. वस्तुस्थिती नेमकी याच्या उलट आहे. कुमारजींनी डॉक्टरांचे ऐकले. काही वर्षे गाणे पूर्ण वर्ज्य केले, औषधे घेतली, आणि बरे झाल्यावर आपल्या श्वासाला झेपेल अशा लहान, तेजस्वी स्वरवाक्यांची गायकी घडवली. त्या कथेतून शिकायचे असेल, तर विश्रांतीचे धैर्य शिकावे.

रोजच्या निरोपांकडे वळू. ‘गाण्याआधी कोमट पाणी प्या, म्हणजे स्वरतंतू भिजतात.’ गिळलेले पाणी अन्ननलिकेत जाते. स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात. पाणी त्यांना स्पर्श करू लागले, तर आपल्याला ठसका लागेल. पाण्याचा उपयोग आहे, पण तो शरीरात मुरल्यावर; म्हणून मंचावर जाण्याआधीच्या पेल्यापेक्षा दिवसभर थोडेथोडे पिणे मोलाचे. वाफ मात्र श्वासाबरोबर तंतूंपर्यंत पोहोचते. ज्येष्ठमध आणि खडीसाखर घशाला सुखावतात, स्वरतंतूंना नव्हे. दुधाने कफ वाढतो असे आपण मानतो. संशोधनात तसे आढळलेले नाही, लाळेत मिसळल्याने दूध घशात दाट वाटते एवढेच. यांतले काही पाळले वा न पाळले, तरी फारसे बिघडत नाही. आजीच्या बटव्याशी माझे भांडण नाही.

काही ठिकाणी मात्र बिघडते, आणि तेथे मी आपल्याला सावध करू इच्छिते. मंचावर हात कापतात, म्हणून हृदयविकारासाठी वापरली जाणारी एक जातीची गोळी अनेक वादक घेतात. मघाशी सांगितलेल्या पाहणीत 27 टक्के वादकांनी ती कधी ना कधी घेतल्याचे सांगितले होते, आणि त्यांतील अनेकांनी ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेतली होती. दमा असलेल्या माणसाला ही गोळी धोक्याची ठरू शकते. तिचे नाव एखाद्या समूहात सहज टाकले जाते. पण टाकणाऱ्याला समोरच्याच्या दम्याची कल्पना नसते.

दुसरी गोष्ट बसलेल्या आवाजाची. सर्दीने बसलेला आवाज आठ-पंधरा दिवसांत बहुधा सुटतो. चार आठवड्यांत तो सुधारला नाही, तर स्वरयंत्र प्रत्यक्ष दुर्बिणीने पाहिले पाहिजे, असे अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आवाजावर ज्यांचा चरितार्थ आहे, त्यांनी तर त्याहून लवकर. या पाहणीची जागा कोणतेही चलचित्र घेऊ शकत नाही. ‘ही पाच लक्षणे असतील तर तुमच्या स्वरतंतूंवर गाठ आहे’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, आणि ‘ही पाच लक्षणे नसतील तर काही नाही’ असे सांगणाऱ्यावर तर मुळीच नाही.

तिसरी गोष्ट कानांची. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, ही कामाच्या ठिकाणची मर्यादा अमेरिकेतील राष्ट्रीय संस्थेने सुचवली आहे. पुढे प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. 88 ला चार तास, 91 ला दोन, आणि 100 ला अवघी पंधरा मिनिटे. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमधील एका व्हायोलावादकाच्या कानांना 2012 च्या तालमीत मागे बसलेल्या तुताऱ्यांच्या आवाजाने इजा झाली. 2018 मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. संगीत हे सुंदर असते म्हणून ते कानाला अपाय करत नाही, हा समज त्या दिवशी न्यायालयातही टिकला नाही. आपल्या गणेशोत्सवातील ढोल-ताशा पथकात तासन्‌तास उभी राहणारी पंधरा-सोळा वर्षांची मुले आठवा. घरी आल्यावर कानात गुणगुण होत असेल, तर ती सूचना आहे. कानात घालायचे बोळे स्वस्त असतात. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. हा एक निरोप पथकांच्या समूहांवर जरूर फिरवावा.

मग संशोधन सांगणाऱ्याने काय पाळावे? अभ्यास कोणावर झाला हे त्याने आधी सांगावे : किती माणसे, कोणते वाद्य, कोणते वय. वाद्यवृंदात खुर्चीवर बसून व्हायोलिन वाजवणाऱ्यांवर झालेला अभ्यास मांडी घालून सतार वाजवणाऱ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. ‘सिद्ध झाले’ आणि ‘असे दिसते’ यांतला फरक त्याने मिटवू नये; तो मिटवला की चलचित्र अधिक पाहिले जाते, हे खरे, पण तीच तर परीक्षा आहे. सर्वांना उपयोगी पडेल ते सर्वांसमोर सांगावे आणि एकेकट्याचे निदान तपासणीच्या खोलीत करावे. शेवटी काही विकायचे असेल, तर ते आरंभीच सांगावे.

आणि ऐकणाऱ्याने, म्हणजे आपण पालकांनी? सांगणाऱ्याचे शिक्षण काय, तो कोणत्या आधारावर बोलतो, आणि त्याचा सल्ला चुकीचा निघाला तर माझ्या मुलाचे काय बिघडेल, हे तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्याचे उत्तर ‘फारसे काही नाही’ असे असेल, तर खुशाल करून पाहावे. ते ‘पुष्कळ’ असेल, तर आधी जाणकाराला भेटावे. विशेषतः मुलगे वयात येताना. बारा-तेरा ते पंधरा-सोळा या काळात स्वरयंत्र झपाट्याने वाढते आणि आवाज फुटतो. त्या दिवसांत कालपर्यंत सहज लागणारा तारसप्तकातला स्वर आज लागत नाही. त्यात मुलाचा आळस नसतो. कोणाच्या तरी चलचित्रातील ‘सात दिवसांत वरचा स्वर’ या उपायाने त्याला ताणण्यापेक्षा, पट्टी खाली घेऊन, कमी वेळ, न ओरडता गाऊ द्यावे. आवाज स्थिरावेपर्यंत वाट पाहणे हाही रियाजच आहे. दूरचित्रवाणीवरील स्पर्धांच्या धाकाने ती वाट आखूड होत नाही.

एक उणीव मला सलते. आजवर मी जी आकडेवारी सांगितली, तिच्यातील जवळजवळ सगळी पाश्चात्त्य वाद्यवृंदांची आहे. तबल्यावर रोज चार तास बसणाऱ्याच्या मनगटाचे, संवादिनीवर वाकलेल्या पाठीचे, सतारीच्या तारेने कापलेल्या बोटांचे, चार तास खर्ज-मध्यात घुमवलेल्या गळ्याचे संशोधन अजून फार थोडे आहे. ते होण्यासाठी आपल्या कलावंतांनी आपली दुखणी सांगायला हवीत. या नव्या माध्यमांचे सर्वांत मोठे सामर्थ्य मला येथे दिसते. ‘माझे मनगट दुखते’ असे एका प्रथितयश तबलावादकाने उघड लिहिले, तर शंभर विद्यार्थी सुटकेचा निःश्वास टाकतील आणि त्यांतले दहा वेळेत उपचार घेतील.

शेवटी या वास्तूविषयी. 2004 मध्ये अमेरिकेतील दोन राज्यांत झालेल्या अभ्यासात, आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा विकार झाल्याचे 57.7 टक्के शिक्षकांनी सांगितले. शिक्षक नसलेल्यांत हे प्रमाण 28.8 टक्के, म्हणजे निम्मे होते. गायकाला निदान साथीला माईक असतो, मैफलीनंतर विश्रांती असते. साठ मुलांच्या वर्गात, उघड्या खिडक्यांपाशी, दिवसाला सहा तासिका बोलणाऱ्या बाईंना आणि सरांना ते काही नसते. आपण सगळे ज्या मराठीत बोलतो, ती या परमुलखात त्यांच्या आवाजातून आपल्यापर्यंत आली. हीरकमहोत्सवाच्या निधीतून इमारतीला रंग जरूर द्यावा. पण प्रत्येक वर्गात एक लहानसा ध्वनिवर्धक बसवता आला, आणि वर्षातून एकदा, 16 एप्रिलच्या जागतिक आवाज दिनाच्या निमित्ताने, शिक्षकांच्या व गाणाऱ्या मुलांच्या गळ्यांची तपासणी ठेवता आली, तर माजी विद्यार्थ्यांनी केलेली ती खरी गुरुदक्षिणा ठरेल. त्या तपासणीसाठी मी दरवर्षी येईन, हे वचन देऊन मी आपली रजा घेते.